राजाचा तळपाय आणि पुंडलिकाचा हात

राजदरबारांविषयी ज्या आख्यायिका देशोदेशी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, त्यांत विषप्रयोगांच्या आणि गुप्त खलबतांच्या कथांशेजारी गुदगुल्यांच्याही कथा आहेत. रशियात १७४० ते १७४१ या काळात अल्पवयी बादशहाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या आन्ना लिओपोल्दोव्ना हिने आपल्या तळपायांना गुदगुल्या करण्यासाठी स्त्रियांचे एक पथकच पदरी बाळगले होते, असे सांगतात. आणि चीनच्या हान राजवंशाच्या दरबारात उमरावास शिक्षा करताना अंगावर वळ उठू नये म्हणून गुदगुल्यांचाच प्रयोग होत असे, अशीही वदंता आहे. या दंतकथांचा दफ्तरी पुरावा हुडकण्याचा येथे हेतू नाही. परंतु एकच स्पर्श एका दरबारात भोग ठरावा आणि दुसऱ्यात दंड, या कल्पनेमागे सुखाचा खरा धनी कोण, आणि ते सुख एकट्या जीवाला मिळू शकते काय, असा जो प्रश्न दडला आहे, तो धर्मविचाराच्या अगदी गाभ्याचा आहे, असे मला वाटते.

आपल्या मुलखाच्या जवळचे उदाहरण पाहावयाचे तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचे घ्यावे. आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही त्याची राजधानी. शके १०५१ म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाने घ्यावयाच्या वीस उपभोगांची सविस्तर मांडणी आहे, आणि स्नान, तांबूल, विलेपन, अन्न यांच्या पंक्तीत पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेल लावून घेणे, यालाही स्वतंत्र स्थान दिलेले आहे. राजाचे पाय कोणी आणि कसे चोळावेत, याचेही शास्त्र बनावे इतका तो काळ रसिक होता. त्याच ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद सोमेश्वराने केली आहे, आणि ती वाचताना मन थबकते. कारण राजाच्या वीस उपभोगांपैकी बहुतेकांना खिजमतगार लागतात, हुकूम लागतो, खजिना लागतो, आणि मुसळ हाती घेतलेल्या त्या बाईला मात्र समोर दुसरी बाई असली की पुरते.

गुदगुल्यांच्या बाबतीत राजाची सत्ता एका ठिकाणी निश्चितपणे संपते: त्याला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. सर्व प्राण्यांत मनुष्यालाच गुदगुल्या होतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले, आणि त्याच्या नावावर चालत आलेल्या प्रश्नसंग्रहात, कोणासही स्वतःला गुदगुल्या का करता येत नाहीत, हा प्रश्नही विचारलेला आहे. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मेंदूची चित्रे घेऊन त्याचे एक उत्तर दिले: आपलाच हात आपल्या अंगाला लागणार असला की लहान मेंदू त्या स्पर्शाची वर्दी आधीच देतो, आणि वर्दी देऊन आलेल्या स्पर्शाला शरीर दचकत नाही. परंतु शास्त्राच्या या उत्तराच्या कितीतरी आधी बृहदारण्यक उपनिषदाने अधिक खोल जाऊन सांगितले होते की, आरंभी एकटा असलेला तो आत्मा रमला नाही, म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. सृष्टीचे मूळ प्रयोजन असे एकाकीपणाच्या असमाधानात सांगणारे हे वचन मला सर्व उपनिषदांतील अत्यंत मानवी वचन वाटते. ज्याच्या शब्दावर मुलूख हलतो त्या सार्वभौम राजालाही आपल्या तळपायापुरते हसू हवे असेल, तर दुसऱ्या कोणाचे तरी बोट लागते.

मात्र दुसरा असणे एवढेच पुरत नाही. ग्रिमेल्सहाउझेनच्या ‘सिम्प्लिसिसिमस’ या १६६८ च्या जर्मन कादंबरीत, तीस वर्षांच्या युद्धातील शिपाई एका शेतकऱ्याला बांधतात, त्याच्या तळपायांना ओले मीठ चोळतात आणि बकरीकडून ते चाटवितात. तो मनुष्य हसत हसत आपले पुरलेले धन कोठे आहे ते सांगून टाकतो, आणि त्याचा अजाण मुलगा बापाला हसताना पाहून स्वतःही हसू लागतो. त्या मुलाचे हसणे मला बापाच्या यातनेहूनही अधिक भयंकर वाटते, कारण शरीराची साक्ष हीच जीवाची साक्ष, असे आपण सारेच त्याच्यासारखे धरून चालतो. मराठेशाहीतील न्यायसभाही, अन्य पुरावा नसला म्हणजे रवादिव्य करवीत. तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा उघड्या हाताने काढावयाचा, मग हातावर पिशवी चढवून मोहोर करावयाची, आणि पुढे त्या हाताची कातडी पाहून खऱ्याखोट्याचा निवाडा द्यावयाचा. कातडी खोटे बोलणार नाही, ही त्यामागील श्रद्धा प्रामाणिक होती. पण भाजलेली कातडी जसा अपराध सांगत नाही, तसे पिळून काढलेले हसू आनंद सांगत नाही.

मग भोग आणि दंड यांतील भेद कोठे शोधावा? मला तो अभिनवगुप्ताच्या एका टिपणीत सापडतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाची जी कारणे दिली, त्यांतील एकाचे विवरण करताना, सुमारे १००० साली काश्मीरमध्ये लिहिणाऱ्या या महापंडित शैवाचार्याने मुलांच्या काखेला आणि मानेला स्पर्श करून त्यांना हसविण्याचा उल्लेख केला आहे. एवढा मोठा तत्त्वज्ञ रसचर्चेत घरातल्या लेकराकडे वळतो, हे वाचून अतिशय आनंद होतो. लेकरू हसत हसत ‘पुरे, पुरे’ म्हणते. आजीची बोटे थांबतात. आणि थांबताच तेच लेकरू हात वर करून पुन्हा जवळ येते. ती बोटे थांबतात, हेच येथे सर्वस्व आहे. बकरी थांबत नाही, कारण शिपाई तिला थांबू देत नाहीत. आणि राजाच्या पायाशी बसलेल्या दासीच्या बाबतीत तर उलटा प्रकार, तिचे हात दुखले तरी ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार तिला नाही.

तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा आमच्या माण-हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील तरुण मुले वारकऱ्यांचे पाय चेपावयास तेथे जातात. अशाच एका मुलाने, गळ्यातील ओळखपत्राची नाडी खांद्यामागे टाकून, एका वृद्ध बाईंच्या भेगाळलेल्या टाचेला तेल लावले आणि अंगठा तळव्याच्या खोलगट भागाकडे नेला, तेव्हा त्या खुदकन हसल्या आणि लाजून त्यांनी पाय ओढून घेतला. ‘नगं रं लेकरा, गुदगुल्या व्हत्यात,’ त्या म्हणाल्या. मुलाने दोन्ही हात वर उचलले आणि तो तसाच बसून राहिला. काही वेळाने बाईंनी पदर सावरला आणि पाय आपण होऊन पुढे केला.

वारकऱ्यांचा देव ज्या कथेतून पंढरीस आला, ती कथाही पाय चेपण्याचीच आहे. पुंडलिक आईबापांच्या पायांशी बसलेला आहे, दारी साक्षात परमेश्वर आला आहे, आणि पुंडलिक हात न काढता त्याच्याकडे वीट सरकवितो. राजदरबाराच्या शिरस्त्याने पाहिले तर हा बेअदबीचा कळस. सोमेश्वराच्या आस्थानात असे कोणी केले असते तर त्याची गय झाली नसती. पण त्रैलोक्याचा स्वामी हुकूम सोडीत नाही, कटीवर कर ठेवून उभा राहतो. दुसऱ्याची इच्छा करणारे उपनिषदातील ते ब्रह्म येथे त्या दुसऱ्याची फुरसत होईपर्यंत थांबावयासही तयार झाले आहे.

यावर अद्वैती आक्षेप घेईल की, दुसरा मानला म्हणजे द्वैत आले, आणि द्वैत आले म्हणजे भय आले. आक्षेप वजनदार आहे. स्थितप्रज्ञ आपल्या ठायीच संतुष्ट असतो असे गीता सांगते, आणि स्पर्शातून उपजणारे भोग दुःखाची योनी आहेत असेही ती बजावते. त्याचे मला सर्वांत समाधानकारक वाटणारे उत्तर ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त दिले: एकाच डोंगरात देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरता येतो, तर अभेद न मोडता भक्तीचा व्यवहार का होऊ नये? घारापुरीची किंवा वेरूळची लेणी ज्याने पाहिली आहेत, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. तेथे पाय आणि पायाशी बसलेला, दोघेही एकाच पाषाणाचे आहेत, आणि तरीही त्यांच्यामध्ये शिल्पकाराने बोटभर जागा मोकळी राखली आहे, कारण ती जागा बुजविली असती तर तेथे ना देव उरला असता, ना सेवक.