एम विभागातलं बसणं

बसा. खोलीत खुर्ची नसेल तर खाटेच्या कडेवर बसा. वरची खाट असेल तर पाय खाली सोडा. एसी चालू राहू द्या. मुसफ्फात तो बंद करून कुणाला शांतता मिळालेली नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. त्याची घरघर थोडा वेळ नुसती ऐका, मग ती आपोआप मागे पडेल.

आता मनाशी विचारा: मी कुठे आहे?

पहिलं उत्तर येईल अबूधाबी. गावी फोनवर आपण तेवढंच सांगतो. पण गावचे लोक ज्या चकचकीत इमारती डोळ्यांपुढे आणतात त्या बेटावर आहेत आणि तुम्ही खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर. दुसरं उत्तर मुसफ्फा. मग तिसरं: एम-३७, एम-४०, किंवा राहत्या वस्तीत असाल तर शाबिया ९, १०, ११, १२. या तिसऱ्या उत्तरापाशी थांबा. घाई नाही, आज सुट्टी आहे.

एक अक्षर आणि एक आकडा. मन लगेच म्हणेल, ही काय जागेची ओळख झाली? म्हणू द्या. मग मुंबई आठवा. तिथेही एम आहे, महापालिकेचा एम पूर्व वॉर्ड: गोवंडी, मानखुर्द, देवनार, ट्रॉम्बे. १९२७पासूनचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड त्यातच येतं. ‘मी एम पूर्वचा’ असं तिथला माणूस कधी म्हणत नाही; तो गोवंडीचा असतो. अक्षर आठवतं ते नळाला पाणी आलं नाही, पोराचा जन्मदाखला हवा असला किंवा झोपडीवर नोटीस लागली की. वॉर्ड राहण्यासाठी नसतो, तो रांगेत उभं राहण्यासाठी असतो, असं मला वाटतं. पण ती रांग असणं ही लहान गोष्ट नाही.

श्वास येऊ द्या, जाऊ द्या. मनाला आता आणखी लांब नेऊ.

तोक्योच्या उपसागरावर कावासाकी नावाचं शहर आहे. १९७२मध्ये त्याचे विभाग पडले. त्यातल्या किनाऱ्यालगतच्या विभागाला कावासाकी-कू म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसानो सोइचिरो या उद्योगपतीने तिथला उथळ समुद्र भरून काढायला घेतला आणि त्या भरावावर पोलाद, तेल, सिमेंट यांचे कारखाने उभे राहिले. कामाला माणसं आली, त्यांत कोरियातलीही पुष्कळ. त्यांची वस्ती साकुरामोतो या भागात. पिढ्या तिथेच जन्मल्या, तिथेच म्हाताऱ्या झाल्या. जपानमध्ये माणसाने घर बदललं की तो नगरपालिकेच्या किंवा विभागाच्या कार्यालयात जाऊन रहिवासी नोंदवहीत नाव लिहवून घेतो. परदेशी नागरिकांची वही मात्र वेगळी होती. जुलै २०१२पासून त्यांची नावं जपानी शेजाऱ्यांच्याच नोंदवहीत आली. मतदानाचा हक्क त्याबरोबर आला नाही.

या वहीवर मन थोडं जास्त वेळ ठेवा. कागद आहे, रकाने आहेत, एका ओळीत एक नाव. त्या ओळीच्या जागी स्वतःचं नाव ठेवून बघा. छातीत काही हललं तर हलू द्या. काहीच हललं नाही तरी बिघडत नाही.

आता मुसफ्फात परत या. तुमचं नाव इथे कुठे कुठे लिहिलंय? एमिरेट्स आयडीवर आहे. व्हिसाच्या कागदावर मालकाच्या नावाशी बांधलेलं आहे. कॅम्पात असाल तर खोलीचा भाडेकरार बहुतेक कंपनीच्या नावावर असतो, त्यात तुम्ही नाही. गेटवरच्या हजेरीत आहात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवण्याचा नियम आहे. तो तुमच्या शरीरासाठी आहे, नावासाठी नाही. आणि जिथे काम झालं तिथे तर नाव नसतंच. समुद्रातल्या तेलविहिरींचे अवजड सांगाडे इथल्या यार्डांत जुळतात आणि बार्जवर चढून निघून जातात. एखादा सांधा तुमच्या हातचा असेल. तळवे उघडे ठेवा आणि तो सांधा आठवा: तापलेलं लोखंड, काचेतून दिसणारी हिरवट रेघ, थंड झाल्यावर टोकरलेला मळ. मला तर ही आठवण कुठल्याही ओळखपत्रापेक्षा भक्कम वाटते. पण ती दाखवून कुणी खिडकीपलीकडून शिक्का मारून देत नाही.

शेवटची वही गावची. रेशनकार्डावर नाव असेल, कदाचित कापलंही गेलं असेल. मतदारयादीचं बघा. परदेशात असलेल्या भारतीय नागरिकाला २०११पासून नमुना ६-अ भरून, पासपोर्टवर जो पत्ता आहे तिथल्या यादीत नाव घालता येतं. यादीतलं ते नाव रत्नागिरीत किंवा साताऱ्यात राहतं, तुम्ही इथे. मत द्यायचं तर स्वतः तिथे जाऊन उभं राहावं लागतं. तिकिटाचे पैसे आणि मालकाची सुट्टी यांचा हिशेब मन आता करू लागेल. करू द्या, अडवू नका. तो झाला की पासपोर्ट काढून शेवटच्या पानावरचा पत्ता एकदा सावकाश वाचा.