सापडत नाही म्हणजे नाहीच का?

तीन-चार खोल्यांच्या ऑफिसात छताला एक ॲक्सेस पॉइंट असतो. मोबाइलना वाय-फाय मिळत असतं, पण सेटिंग बदलायला त्याचं पान उघडत नाही. आयपी ॲड्रेस कोणी लिहून ठेवलेला नसतो. अंदाजाने दोन-चार पत्त्यांना पिंग केलं, उत्तर नाही, की लगेच निकाल लागतो: तो नेटवर्कवर नाहीच.

मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी हा निकाल फिरवला असता. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी जाडजूड आहे, म्हणजे रात्री जेवतो. ही त्यांची अर्थापत्ती. मोबाइल ज्याच्यामार्फत चालतात, तो जागेवर आहेच. वाय-फायची पॅकेट पुढे ढकलायला त्याला स्वतःचा आयपी लागत नाही. तो फक्त त्याच्या सेटिंगपुरता.

त्यांच्यातल्याच, सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं. त्याला भाट्ट परंपरेने एक अट घातली: वस्तू असती तर आढळलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच ठरत नाही. धर्मकीर्तीसारखे बौद्ध अनुपलब्धीला अनुमानात घालतात, पण ही अट त्यांनाही सोडता आली नाही. त्यांच्या परंपरेत दाखला पिशाचाचा: जे दिसण्याजोगंच नाही, ते न दिसल्याने नाही ठरत नाही.

माइक म्यूस यांचं 1983 सालचं पिंग या कसोटीला उतरत नाही, कारण पिंगला उत्तर न देण्याची सोय कित्येक यंत्रांत असते. 1982 च्या एआरपीचं तसं नाही. ‘हा आयपी कोणाचा?’ ही हाक स्थानिक जाळ्यात सगळ्यांना जाते, आणि पिंगला गप्प राहणारं यंत्रही इथे सहसा बोलतं. न बोलून चालत नाही, कारण मग त्याच्याशी संपर्कच होणार नाही. इथल्या शांततेला पुराव्याची किंमत आहे.

मेख पुढेच आहे. संगणकाचा पत्ता 192.168.0.25, मास्क 255.255.255.0, आणि ॲक्सेस पॉइंट 192.168.1.254 वर. दोघांच्या वायरी एकाच स्विचमध्ये, तरी संगणक त्याच्या नावाने हाक मारतच नाही; पत्ता परगावचा समजून पॅकेट राउटरच्या हवाली करतो. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणं देते: अति दूर, अति जवळ, इंद्रिय बिघडलेलं, मन भलतीकडे, सारख्यांत मिसळलेली वगैरे. हे कारण ओढूनताणूनच त्यात बसवावं लागेल. वस्तू हाताशी, डोळे धड. प्रश्नच तिच्यापर्यंत पोचला नाही. संगणकाला तात्पुरता 192.168.1.10 दिला की पान उघडतं.

पत्त्याचा अंदाजच नसेल तर विचारणं थांबवून ऐकावं. वायर थेट जोडायची, येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं वायरशार्क लावायचं आणि ॲक्सेस पॉइंट बंद करून चालू करायचा. उठताना तो बहुधा एखादं एआरपी पॅकेट सोडतो, त्यात त्याचा पत्ता असतो.

एवढ्यानेही भागलं नाही, तर रिसेटचं बटण. कारखान्यातला मूळ पत्ता परत येतो, जुना कोणता होता हे मात्र आता त्या यंत्रालाही सांगता येणार नाही. न्याय दर्शनाचे नैयायिक याला प्रध्वंसाभाव म्हणतील: सुरुवात असलेला, शेवट नसलेला अभाव.