चादरीवरचं नाव

सोलापुरात पाहुणे आले की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ आणि चादरीचं दुकान. फारच हौशी असतील तर नान्नजचं माळरान. माळढोकासाठी राखलेलं आहे, पण माळढोक दिसण्याची आशा बाळगू नये हे आधीच सांगावं लागतं. हल्ली आणखी एक मागणी असते : "हातमाग दाखवा ना."

मग मी त्यांना पूर्व भागात नेतो. गल्लीच्या तोंडापासूनच खडखडाट ऐकू येतो. आत यंत्रमाग, हवेत कापसाची तूस, आणि एका कामगाराची नजर एकाच वेळी दोन-तीन मागांवर. पाहुण्यांचा चेहरा पडतो. म्हणजे हातानं नाही विणत?

ही निराशा मला तपासून पाहावीशी वाटते. यंत्रानं विणलेली जेकार्डची चादर अंगावर तेवढीच ऊब देते. मग कमी काय पडलं? दुसऱ्याचा घाम, आपल्याला फोटोत हवा होता तो.

जपानमध्ये यानागी सोएत्सु या विचारवंतानं 1920च्या दशकात 'मिंगेई' ही कल्पना मांडली. निनावी कारागिरानं रोजच्या वापरासाठी हातानं केलेल्या साध्या वस्तूत खरं सौंदर्य असतं, असं तो म्हणे. तोक्योत त्यानं अशा वस्तूंचं संग्रहालयही उभं केलं, 1936 साली. हे सौंदर्य मलाही दिसतं. पण निनावीपणाचं कौतुक सहसा नाव असलेली माणसंच करतात, हे खटकतं.

सोलापुरी चादरीच्या काठावर बघा. कारखान्याचं नाव विणलेलं असतं. ती अक्षरं उमटताना ज्यानं तुटलेला धागा जोडला, त्याचं नाव कुठेच नसतं. त्याची मजुरी बहुधा नगावर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांतली पोरं आता पुण्याला नोकरीला जातात, तेव्हा "कला मरतेय" म्हणून हळहळतो आपण. ती पोरं मागावर बसावीत असं म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? आपली मुलं तर बसवणार नाही आपण.

कला टिकावी असं मलाही वाटतं. फक्त ती कुणाच्या पाठीवर, हे विचारायला हवं. निदान दुकानात भाव करताना, ही कुणी विणली, एवढं तरी.