अप्रीतीचा गुन्हा

प्रेमाचा अभाव हा गुन्हा ठरू शकतो काय? १८९७ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची यांनी या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले. समोर आरोपी होते लोकमान्य टिळक.

आदल्या वर्षी दुष्काळ पडला होता. पेण-रोह्याचा मुलूख ज्यात येतो त्या आपल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातही सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते शेतसाऱ्याच्या सवलतीचे नियम शेतकऱ्यांना समजावीत फिरत होते. खटला मात्र उभा राहिला तो शिवोत्सवासंबंधी ‘केसरी’त आलेल्या मजकुरावरून. १८७० च्या राजद्रोहाच्या कलमात सरकारविषयी ‘अप्रीती’ निर्माण करणे हा अपराध होता. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ स्ट्रेचींनी ज्यूरीला सांगितला. सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची. पुढे स्ट्रेची अलाहाबादला मुख्य न्यायाधीश झाले आणि १९०१ साली त्या पदावर असतानाच वारले.

त्यांना खलपुरुष ठरविणे सोपे आहे. परंतु त्यांनी शब्दाची फोड करूनच अर्थ लावला होता. चूक व्याकरणाची नव्हती, मनुष्याविषयीच्या आकलनाची होती. मानवी कायदा बाह्य कृतीचाच न्याय करू शकतो, अंतःकरण परमेश्वर जाणतो, हे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. १९६२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम हिंसेला वा अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरते मर्यादित केले. प्रभू येशूने नाण्यावरील कैसराची मुद्रा दाखवून कराचा प्रश्न सोडविला. पण मनुष्यावर मुद्रा आहे ती देवाची. सरकार शेतसारा मागू शकते. साऱ्याबरोबर प्रीतीही भरावी, असे कोणी कोणत्या अधिकाराने सांगावे?

कोणी म्हणेल, येशूने तर प्रेमाची आज्ञाच दिली. खरे आहे. पण ती त्याने शिष्यांचे पाय धुतल्यानंतर दिली आणि दुसऱ्याच दिवशी क्रुसावर स्वतः पाळली. यहूदा उठून बाहेर गेला तेव्हा दाराला कोणी अडसर घातला नाही.

योगायोग असा की, तो खटला चालू असतानाच पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेला एक बालक दोन वर्षांचा झाला. तो विनोबा. १९५१ पासून त्यांनी लाखो एकर जमीन मागून मिळविली. हाताशी कलम नव्हते, शिपाई नव्हता. त्यातील बरीचशी जमीन पडीक निघाली, काही दात्यांनी शब्द फिरविला. तरीही विनोबांनी कोणावर अप्रीतीचा आरोप ठेवला नाही.

आणि आपण? धर्मग्रामाच्या सभेत एखादा तरुण जमाखर्चाविषयी प्रश्न विचारतो आणि आम्हा धर्मगुरूंच्या मनात चटकन येते, याला ख्रिस्तसभेविषयी प्रेम नाही. त्या क्षणी स्ट्रेचींचा झगा आमच्या अंगावर चढलेला असतो. मीही तो अनेकदा चढविला आहे. त्या तरुणाच्या मनात प्रेम नसेलही. पण मग जाब त्याला नव्हे, मला विचारला पाहिजे : ते उपजावे असे मी काय केले?