भरून घेतलेली कॅसेट : निवडीच्या कर्तृत्वाचा प्रश्न

दुसऱ्यांनी रचलेली, दुसऱ्यांनी गायलेली गाणी निवडून, एका विशिष्ट क्रमाने लावून तिसऱ्याच्या हाती देणारा माणूस नेमके काय करीत असतो? तो रचनाकार नसतो, गायक नसतो आणि रूढ अर्थाने समीक्षकही नसतो. तरीही ‘ही मी केलेली कॅसेट’ असे तो म्हणतो, आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. या ‘मी केलेली’ला कितपत आधार आहे, आणि असल्यास त्यातून कोणती जबाबदारी उद्भवते, हा प्रश्न आस्वादाचा तर आहेच, पण त्याहून अधिक तो नीतीचा आहे.

गेल्या शतकाच्या नवव्या आणि दहाव्या दशकांत पुसदसारख्या तालुक्याच्या गावी ‘कॅसेट भरून घेणे’ हा सरावाचा वाक्प्रयोग होता. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून दुकानदाराकडे द्यायची. तो साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या फितीवर ती क्रमाने उतरवून देई. एका बाजूला तीस किंवा पंचेचाळीस मिनिटे. शेवटचे गाणे अर्ध्यावर तुटू नये म्हणून एखादे आवडते गाणे वगळावे लागे, कधी केवळ लांबीसाठी दुय्यम गाणे आत येई. हा व्यवसाय 1957च्या प्रताधिकार कायद्यात बसणारा नव्हता, हे उघड आहे. आणि उघड असल्यामुळेच त्या बाजूने येथे फार काही निष्पन्न होत नाही. आज फीत नाही, दुकान नाही. महिनाअखेरीस ‘या महिन्यात सापडलेली गाणी’ अशी सूची भ्रमणध्वनीवरून मित्रांकडे जाते. लांबीचे बंधन गळून पडले आहे, पण कृतीचे स्वरूप बदललेले नाही.

ही कृती मराठी परंपरेला मुळीच नवी नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही मुळात निवडच आहे. कोटी गाथांमधून सातशे निवडल्याचे त्या ग्रंथाच्या आरंभीच सांगितलेले आहे. कोटी हा आकडा अलंकारिक मानला तरी त्यातील गर्व अलंकारिक नाही. हालाचे मोठेपण त्याने काय लिहिले यापेक्षा त्याने काय टाकून दिले यावर उभे आहे. पुढे कीर्तनकारांची आणि भजनी मंडळ्यांची हस्तलिखित बाडे आली. परशुरामतात्या गोडबोले यांनी 1854 साली प्राचीन मराठी कवितेचे वेचे छापले आणि त्या ग्रंथाला ‘नवनीत’ हे नाव दिले. नवनीत म्हणजे लोणी. या रूपकात एक दावा दडलेला आहे : दूध दुसऱ्यांचे, घुसळण आमची. पण घुसळल्यावर मागे जे ताक उरते त्याचे काय, हा प्रश्न ते शीर्षक विचारीत नाही.

निवडणाऱ्याचे कर्तृत्व क्रमात असते, असे उत्तर मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या आधारे देता येईल. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी घटकांचे संघटन होते आणि त्या संघटनेत सौंदर्य असते, हे मान्य केले, तर एका गाण्यानंतर दुसरे कोणते यावे हे ठरविणाराही एक रचनाच करीत असतो. नाट्यपदाच्या तानेनंतर एखादे संथ भावगीत ठेवले, तर दोन्ही गाणी वेगळी ऐकू येतात. हा बदल त्या दोन्ही रचनाकारांपैकी कोणीही घडविलेला नसतो. येथवर हे उत्तर पटण्यासारखे आहे. मात्र चित्रातील रंगाला चित्राबाहेर स्वतःचे गणगोत नसते. गाण्याला असते. त्याला गाणारा आहे, गाण्याची वेळ आहे, ते ज्यांच्यात गायिले जाते ती माणसे आहेत. सूचीतील घटक हे कच्चा माल नव्हेत, आणि लयतत्त्व या अडचणीपाशी मुके होते.

ही अडचण पुसदला विशेष तीव्र होते, कारण तेथे गाणे आणि गाण्याचे गणगोत यांच्यात फारसे अंतर नाही. पूस नदीकाठच्या या गावाभोवती बंजारा तांडे पसरलेले आहेत. वसंतराव नाईकांचे गहुली जवळच. तांड्यांवर होळीला लेंगी गायिली जाते, गोरबोलीत, डफाच्या तालावर, समूहाने. आता असे समजू या की पुसदमधील एका शिक्षकाने कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर मुद्रित झालेली एक लेंगी ऐकली. ती त्याला विलक्षण आवडली आणि महिन्याच्या सूचीत एक गझल व एक चित्रपटगीत यांच्या मध्ये त्याने ती ठेवली. सोबत लिहिले : ‘या महिन्याचा शोध’.

‘शोध’ कोणाचा? ज्या तांड्यावर ती पिढ्यानपिढ्या गायिली गेली त्याला ती कधी हरवलेली नव्हती. शोध लागला तो ऐकणाऱ्याला, आणि खरे पाहता त्याला लेंगीचा नव्हे, आपल्या अज्ञानाचा शोध लागला. चार मैलांवरचे गाणे आपल्या कानी इतक्या वर्षांत का पडले नाही, हा त्या शोधाचा प्रामाणिक आशय ठरला असता. ‘मला सापडले’ ही वाक्यरचना तो आशय झाकते. वरवर नम्र वाटणाऱ्या या क्रियापदात वस्तू बेवारस होती असे गृहीत धरलेले असते.

याउलट कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांच्या पदांच्या आपल्या कार्यक्रमाला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हे नाव दिले. ‘सापडणे’ आणि ‘उमजणे’ यांतील भेद शब्दकोशापुरता नाही. उमजण्यात गाणे आधीच कोणाचे तरी आहे ही कबुली आहे. ते इतरांना वेगळे उमजू शकेल याची जाणीव आहे, आणि आपली समज चुकण्याचा धोकाही आहे. निवडणाऱ्याचे कर्तृत्व मानायचे तर ते या धोक्यातच मानावे लागेल. श्रोत्याच्या सवयी मोजून पुढचे गाणे सुचविणाऱ्या यंत्राची निवड कित्येकदा अधिक अचूक असते. पण ती चुकली म्हणून यंत्राला कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही. मित्रासाठी कॅसेट भरणाऱ्याला लागते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. गाण्याला त्याच्या प्रसंगाशी आणि माणसांशी इतके घट्ट बांधले, तर कोणतेच गाणे आपल्या उंबरठ्याबाहेर जाणार नाही. लेंगी तांड्यावरच राहिली पाहिजे असे म्हणणाराही एक प्रकारे तांड्याची वेस आखीत असतो. बंजारा तर लदेणीचा समाज. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर नेणाऱ्यांचे गाणे एका जागी खिळवून ठेवण्याचा आग्रह हा संस्कृतीच्या शुद्धतेविषयीचा शहरी हव्यास ठरण्याचा संभव आहे. (देशीयतेच्या चर्चेत हा हव्यास अनेकदा सद्‍हेतूचे कपडे घालून आलेला आहे.) तेव्हा प्रश्न गाणे हलविण्याचा नाही. ते कोणाकडून आणले हे सांगण्याचा आहे.

या बाबतीत आधुनिक सूचीपेक्षा तेराव्या शतकातील एक संकलक अधिक सावध दिसतो. याच विदर्भातील रिद्धपूर येथे म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या. महानुभावांच्या पाठपरंपरेत ‘हिराइसा पाठ’ अशा नोंदी आढळतात. कोणाच्या आठवणीतून कोणता पाठ आला, याचे नाव पुसले गेलेले नाही. येथे संकलनाने आपली सांधेजोड लपविलेली नाही. वाचणाऱ्याला ती थोडी अडखळविते, आस्वादाच्या सलगतेत व्यत्यय आणते, आणि तो व्यत्यय तिने पत्करला आहे.

कॅसेटच्या आतील कार्डावर रेघा असत. चित्रपटगीतापुढे गायक, संगीतकार आणि गीतकार लिहिता येत. लोकगीताची पाळी आली की ‘पारंपरिक’ हा एकच शब्द लिहून रेघ भरली जाई. हा शब्द कोणालाच दुखवीत नाही, कारण तो कोणालाच ओळखत नाही. पुसदच्या त्या कल्पित शिक्षकालाही तो सहज लिहिता येईल. पण सूची मिळालेल्या मित्राने ‘गाते कोण?’ एवढेच विचारले, तर त्याला तांड्यावर जाऊन त्या मुद्रणातील आवाज कोणाचे, ती लेंगी कोणत्या होळीची, आणि ती अशी बाहेर ऐकवली तर चालेल का, हे विचारून यावे लागेल. तेथे त्याला कदाचित असेही सांगितले जाईल की मुद्रणात जे ऐकू येते ते अर्धेच आहे. उरलेले ऐकायचे तर फाल्गुनात या.