संग्राहकाचे देणे

मराठीत ‘देणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. आपण स्वेच्छेने देतो तेही देणे आणि आपण दुसऱ्याचे लागतो तेही देणे. व्यापार-उद्योगातून मिळवलेल्या धनाने कलावस्तू जमवणारा माणूस आपला संग्रह समाजाच्या स्वाधीन करतो, तेव्हा त्याच्या कृतीला यांपैकी कोणता अर्थ लागू होतो? हा प्रश्न केवळ नीतिशास्त्राचा नाही. कलाकृती, कर्ता आणि आस्वादक या त्रयीत रमलेल्या आपल्या समीक्षेने, कलाकृती आस्वादकापर्यंत टिकवून आणणाऱ्या चौथ्याचा विचार फारसा केलेला नाही.

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात हा प्रश्न मूर्त रूपात भेटतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) चष्म्यांचा व्यवसाय करीत आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहास आरंभ केला. समया, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दारे अशा वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून मिळवल्या. पुढे हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. संग्रहालयाला नाव दिले ते अकाली निवर्तलेल्या मुलाचे, राजाचे.

मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांचे संग्रह लाभले. त्यांतील युरोपीय चित्रे किंवा चिनी-जपानी पोर्सिलेन यांचे मोल जगाने आधीच मान्य केले होते. केळकरांच्या अडकित्त्याला असे मोल नव्हते. ते त्यांच्या निवडीने निर्माण झाले. या अर्थी संग्रह करणे ही एक समीक्षाव्यापारच आहे.

परंतु येथेच नैतिक पेच उभा राहतो. जिचे मोल विकणाऱ्याला ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला ठाऊक आहे, अशा वस्तूचा सौदा न्याय्य कसा म्हणावा? पडक्या वाड्यातली समई गरजेपोटीच विकली जाते. यावर संग्राहकाचे ठरलेले उत्तर असे, की मी ती घेतली नसती तर ती मोडीत गेली असती. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. वस्तू वाचवल्याने ती सांभाळण्याचा अधिकार मिळतो, तिच्या मालकीचा नव्हे. वॉल्टर बेंजामिनने म्हटल्याप्रमाणे संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या ओझ्यातून मुक्त करतो. मात्र तिला आपल्या दिवाणखान्यात ठेवून तो दुसऱ्या बंधनात घालतो, हेही खरे.

म्हणून संग्रहाचे समर्पण ही खरेदीनंतर जोडलेली शोभेची झालर नव्हे. त्या खरेदीच्या समर्थनाची ती अट आहे. ‘मी वाचवले’ हे विधान त्या समर्पणानंतरच खरे ठरते. तोवर ते आश्वासन असते. गांधीजींची विश्वस्ततेची कल्पना येथे नेमकी लागू पडते.

आज कंपनी कायद्याने (२०१३) ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्यास सांगितले आहे, आणि त्यात कला व वारशाचे जतनही बसते. याने संग्रहालयांना पैसा मिळू शकतो, हे चांगलेच. पण कायद्याने ठरवलेली रक्कम चुकती केल्यावर हिशेब मिटतो. केळकरांनी दिलेल्या गोष्टीत आयुष्याची सात दशके आणि वस्तू पारखणारी नजर होती. ती कोणत्याही टक्केवारीत मावत नाही.

आणखी एक बाब. या वस्तू घडवणाऱ्या तांबट-सुतारांची नावे बहुतांशी आपणांस ठाऊक नाहीत. संग्राहकही ‘अज्ञातवासी’. नाव उरले ते एका मुलाचे, ज्याने यातले काही घडवले नाही की जमवले नाही. देणगीदाराच्या कीर्तीची हाव या योजनेत शिरत नाही. शिरतो तो शोक, आणि शोकाला मालकी कळत नाही.

समर्पण ही परतफेड असेल, तर ती कोणाला? मूळ विकणारे आता नाहीत. ती त्यांच्या वारसांना, म्हणजे आपल्याला मिळाली आहे. २०,००० हून अधिक वस्तूंपैकी सुमारे २,५०० च एका वेळी मांडलेल्या असतात. उरलेल्यांची निगा आणि त्यांचा अन्वय लावणे हे काम शिल्लक आहे. संग्राहकाने आपले देणे फेडले. आता ते आपल्याकडे लागते.