द्रावकाच्या आतले विद्युत क्षेत्र

एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रात द्रावकाला, म्हणजे ज्या द्रवात पदार्थ विरघळतात त्या द्रवाला, दुय्यम स्थान होते. अभिक्रिया विरघळलेल्या रेणूंमध्ये घडते आणि द्रावक त्यांना केवळ जागा पुरवतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. 1890 मध्ये निकोलाय मेन्शुत्किन या रशियन रसायनशास्त्रज्ञाने ट्रायएथिलअमाइन आणि एथिल आयोडाइड यांची एकच अभिक्रिया तेवीस द्रावकांत घडवून पाहिली, तेव्हा हेक्झेनच्या तुलनेत बेंझिल अल्कोहोलमध्ये तिचा वेग सातशे पटींहून अधिक भरला. ती समजूत टिकण्यासारखी नव्हती हे यातून दिसले, तरी एवढा फरक का पडतो हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते.

ते साधन भौतिकशास्त्रज्ञ पीटर डेबाय यांच्या विचारातून आले. पाण्यासारख्या रेणूचे एक टोक किंचित धन व दुसरे किंचित ऋण असते. अशा रेणूला द्विध्रुव म्हणतात. बाहेरून विद्युत क्षेत्र लावले की द्विध्रुव त्या दिशेला वळू लागतात आणि क्षेत्र काढून घेतले की उष्णतेच्या धडकांनी पुन्हा विस्कळीत होतात. या विस्कळीत होण्याला शिथिलन आणि त्याला लागणाऱ्या वेळेला शिथिलन काळ म्हणतात. 25 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो सुमारे 8 पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या आठपट आहे.

क्षेत्र रेणूंना वळवते, तसे ते त्यांना तोडूही शकते. जर्मनीतील येना येथे माक्स वीन यांना 1927 पासूनच्या प्रयोगांत तीव्र क्षेत्राखाली द्रावणांची वाहकता ओहमच्या नियमाबाहेर वाढलेली आढळली. दुर्बल विद्युत अपघटनींच्या, म्हणजे ज्यांचे थोडेच रेणू आयनांत सुटतात अशा पदार्थांच्या, बाबतीत या वाढीचे कारण लार्स ऑन्सागर यांनी 1934 मध्ये गणिताने दाखवले: क्षेत्रामुळे विचरण, म्हणजे रेणूचे आयनांत सुटणे, वाढते. त्यांच्या सूत्रानुसार सेंटीमीटरला एक लाख व्होल्ट इतक्या क्षेत्रात पाण्याचा विचरण स्थिरांक साधारण 14 टक्क्यांनी वाढतो. मान्फ्रेड आयगेन आणि लेओ द मायर यांनी याच परिणामाचे घड्याळ बनवले, ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल. क्षेत्राच्या क्षणिक धक्क्याने समतोल ढळवायचा आणि तो किती वेळात सावरतो हे मोजायचे. त्यावरून हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयन एकत्र येण्याचा वेग 1955 मध्ये हाती आला. तोवर ही अभिक्रिया मोजता न येण्याइतकी जलद मानली जात होती.

महाराष्ट्रात डेबाय यांच्या शिथिलनाच्या विचाराची एक शाखा औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठात रुजली. एस. सी. मेहरोत्रा आणि त्यांचे सहकारी ए. सी. कुंभारखाणे यांनी विद्युत स्पंद नळीसारख्या वाहकातून द्रवापर्यंत पाठवून परत येणारा स्पंद नोंदवण्याच्या पद्धतीने अल्कोहोल आणि पाणी यांची मिश्रणे तपासली. 1991 मध्ये मध आणि पाण्याच्या मिश्रणांवरही याच पद्धतीने 10 मेगाहर्ट्झ ते 10 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात काम प्रसिद्ध झाले. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही हे काम चालू राहिले. अशा मिश्रणांचा शिथिलन काळ दोन घटकांच्या सरासरीतून काढता येत नाही, कारण रेणूंमधील हायड्रोजन बंध नव्याने जुळतात. शिथिलन काळाचे हे आकडे रसायनशास्त्रालाही लागतात, कारण रुडॉल्फ मार्कस यांनी 1956 मध्ये दाखवल्याप्रमाणे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी भोवतीच्या द्विध्रुवांची मांडणी आधी अनुकूल व्हावी लागते.

शिथिलन आणि विचरणाच्या या प्रयोगांत क्षेत्र बाहेरून लावले जात होते, पण रेणूंचे स्वतःचेही क्षेत्र असते. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी रेणूंच्या स्वतःच्या विद्युत विभवाचा सखोल अभ्यास केला आणि रेणू कोणत्या जागी आयन किंवा दुसरा रेणू ओढून घेईल याचे नकाशे उभे केले. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन फ्राइड, सायन बागची आणि स्टीव्हन बॉक्सर यांनी कार्बन-ऑक्सिजन बंधाच्या कंपनांवरून द्रावकाचे क्षेत्र मोजले. 2014 मध्ये याच मार्गाने केटोस्टिरॉइड आयसोमरेज या विकराच्या कार्यस्थळी सेंटीमीटरला सुमारे 14 कोटी 40 लाख व्होल्ट इतके क्षेत्र आढळले आणि विकराच्या उत्प्रेरक शक्तीतला मोठा वाटा या क्षेत्राचा असल्याचे दिसले. बागची यांनी नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आपले काम पुढे नेले.

2016 मध्ये बाहेरील क्षेत्राने डिल्स-आल्डर अभिक्रियेचा वेग बदलल्याचे एकेका रेणूच्या पातळीवर सिद्ध झाले. परंतु मोकळ्या द्रावणात रेणू सर्व दिशांना गरगरतात आणि आयन बाहेरील क्षेत्र झाकून टाकतात, त्यामुळे महाराष्ट्रातील तळोजा औद्योगिक वसाहतीत असतात तशा मोठ्या अभिक्रिया टाक्यांना हा मार्ग सहज लागू पडत नाही. तेथे द्रावकाची निवड हीच क्षेत्राची निवड ठरते.